शहरात बग्गी ओढणारा घोडा: जुंपण्यापूर्वीपासून सोडल्यानंतरपर्यंतची काळजी

बग्गीच्या घोड्याविषयी वाद निघाला की बोलणे हटकून चाबकापाशी येऊन थांबते. मी आजवर ज्या घोड्यांच्या अंगावरून हात फिरवला, त्यांच्यापैकी चाबकाने जायबंदी झालेले फार थोडे होते. पीळ पडलेला पट्टा, वेळेवर न बदललेली नाल, दुपारभर न मिळालेले पाणी आणि ‘आणखी एकच फेरी’ हे तीन शब्द, यांनी केलेले नुकसान मात्र जवळपास प्रत्येकाच्या अंगावर वाचता येत होते. गिऱ्हाईक समोर उभे असताना आणि हातात पैसे पडत असताना, घोडा दमला आहे की नाही याचा निवाडा कोणालाच निर्मळ मनाने करता येत नाही. म्हणून घोड्याने आज किती ओढायचे, कोठे थांबायचे आणि कोणती खूण दिसली की जागच्या जागी सोडायचा, हे सकाळी तबेल्यातच ठरवून वहीत लिहून ठेवावे. पुढील मार्गदर्शन याच वहीच्या आधाराने केले आहे. ते मुख्यतः मालक, गाडीवान आणि मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) यांच्यासाठी आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा बग्गीत बसू पाहणाऱ्यालाही त्यातील बराच भाग उपयोगी पडेल.

पहिले काम: घोड्याचे स्वतःचे आकडे

घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे. लंगडा दिसणारा प्राणी जंगलात आधी मारला जातो. त्यामुळे ‘कुरकुर करत नाही, म्हणजे बरा आहे’ या समजावर विसंबता येत नाही, मोजावेच लागते. मोठ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके विश्रांतीच्या वेळी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि शरीराचे तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असते. मात्र हे सर्व घोड्यांचे सरासरी माप झाले. एखाद्याचे रोजचे ठोके ३० असतील, तर ४२ हा आकडा पुस्तकात बसत असला तरी त्याच्यासाठी तो इशाराच आहे. म्हणून सलग सात दिवस, सकाळी चंदी (दाण्याचा खुराक) देण्यापूर्वी, तिन्ही आकडे घेऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत.

ठोके मोजण्यासाठी खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवरून बोटे फिरवावीत. पेन्सिलीएवढी, बोटाखाली सरकणारी एक रक्तवाहिनी तेथे लागते. तिच्यावर हलका दाब देऊन १५ सेकंद मोजावे आणि चारने गुणावे. अंगठा वापरू नये, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. श्वास मोजताना कुशीची हालचाल पाहावी. नाकपुडीसमोर हात धरला की घोडा हुंगू लागतो आणि आकडा बिघडतो. थर्मामीटर गुदद्वारात घालून मोजायचे असते, त्यामुळे त्याला दोरी बांधून दोरीचे दुसरे टोक चिमट्याने शेपटीला अडकवावे, आणि स्वतः घोड्याच्या मागे न उभे राहता बाजूला, त्याच्या अंगाला चिकटून उभे राहावे.

याच आठवड्यात वजनाचा अंदाज घ्यावा. वजनकाटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा, नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (शेपटीजवळच्या मांसल भागाच्या) मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० ने भागले की किलोग्रॅममध्ये वजन मिळते. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३१२ किलो येते. पुढे ओझ्याचा सगळा हिशेब या आकड्यावर होणार असल्याने तो फुगवू नये.

अंगावरच्या मांसाचा अंदाज घेण्यासाठी १९८३ मध्ये हेनेके यांनी मांडलेली १ ते ९ ची मोजपट्टी जगभर वापरली जाते. मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्याच्या मागची जागा, बरगड्या, पाठीचा कणा आणि शेपटीचे मूळ या सहा ठिकाणी हाताने चाचपून गुण द्यायचे असतात. डोळ्यांवर भिस्त ठेवू नये, कारण हिवाळ्यातील दाट केस हाडे झाकतात आणि पोट सुटलेला घोडाही पाठीवर वाळलेला असू शकतो. बरगड्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, हा ५ गुणांचा घोडा. काम करणारा घोडा ५ च्या आसपास असावा. ४ च्या खाली गेलेल्या घोड्याला जुंपू नये, आधी दात आणि जंत तपासावेत.

जुंपण्यापूर्वीची दहा मिनिटे

तबेल्यात शिरताच घोड्याला हाक मारण्यापूर्वी क्षणभर दाराशीच थांबावे. आपल्याला पाहण्याआधी तो कसा उभा होता, हे नंतर कळत नाही. मागचा एक पाय ढिला सोडून उभे राहणे ही आरामाची नेहमीची पद्धत आहे. पण पुढचा पाय पुढे टाकून तो टेकवत नसेल, तर त्या पायात दुखणे आहे असे धरून चालावे. रात्रीची वैरण संपली आहे का आणि लीद किती आहे, हे पाहावे. निरोगी घोडा दिवसरात्रीत साधारण ८ ते १२ वेळा लीद टाकतो. तबेला कोरडा दिसला तर सफाई झाली असेल म्हणून खूश होण्याऐवजी, सफाई कोणी केली ते विचारावे.

मग चेहरा. २०१४ मध्ये संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरील वेदना ओळखण्यासाठी सहा खुणांची पद्धत प्रसिद्ध केली. कान ताठ होऊन मागे वळलेले, पापण्या अर्धवट मिटलेल्या, डोळ्याच्या वरच्या भागात ताण, जबड्याचे स्नायू उठून दिसणारे, ओठ आवळून हनुवटी टोकदार झालेली आणि नाकपुड्या ताणलेल्या, अशा त्या खुणा आहेत. एकच खूण असेल तर माशीनेही ती उमटते. तीन एकत्र दिसल्या की काम थांबवून कारण शोधावे.

ओठ उचलून हिरडीवर बोट दाबावे. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडली की ती लगेच सपाट झाली पाहिजे; उभी राहिली तर पाणी कमी पडले आहे. शेवटी टणक जमिनीवर घोड्याला सैल मोरखीने (तोंडावरच्या दोरीने) आधी चालवत आणि मग दुडकीने वीस पावले नेऊन परत आणावे. लंगडणारा घोडा जो पुढचा पाय जमिनीवर टेकताना डोके वर उचलतो, तो दुखरा पाय. दुडकीतच हे सर्वांत स्पष्ट दिसते, कारण चालताना तो वजन हुशारीने इतर पायांवर टाकू शकतो. ‘थोडा गरम झाला की मोकळा होतो’ हे वाक्य फार ऐकू येते. संध्याकाळी तोच घोडा सकाळपेक्षा जास्त लंगडतो, ते मात्र सांगितले जात नाही.

साज

या भागावर थोडे रेंगाळणार आहे, कारण येथे पैसा फारसा लागत नाही, फक्त बोटे लागतात.

साज चढवण्यापूर्वी प्रत्येक पट्ट्याची आतली बाजू तळहाताने पुसत जावे. वाळलेला घाम चामड्यावर सॅंडपेपरसारखा बसतो आणि उलटी बाजू कोणी पाहत नाही. एका घोड्याला त्याचा गाडीवान ‘डाव्या वळणाला अडेल’ म्हणत असे. साज काढला तेव्हा छातीच्या पट्ट्याच्या अस्तरात शिवणीचा एक दोरा सुटून त्याची गाठ झालेली सापडली. ज्वारीच्या दाण्याएवढी ती गाठ डाव्या वळणावर नेमकी खांद्याच्या टोकावर येत होती. गाठ कापून अस्तर बदलले, आणि ती जखम भरेपर्यंत घोड्याला विश्रांती दिली. त्यानंतर तो डावीकडे मुकाट्याने वळू लागला.

छातीचा पट्टा खांद्याच्या टोकाच्या वर आणि श्वासनलिकेच्या खाली बसला पाहिजे. तो वर सरकला तर घोड्याचा श्वास कोंडतो, खाली सरकला तर पुढचे पाय उचलताना अडतात. गळ्यातला गोल कंठा वापरत असाल, तर गळ्याच्या तळाशी सपाट हात आत जाईल इतकी जागा हवी, पण कंठा मानेवर डुलता कामा नये. पाठीवरची गादी कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकावी, कण्यावर मात्र टेकू नये. मागच्या पुठ्ठ्यांभोवतीचा पट्टा हा उतारावर गाडी थोपवण्याचा घोड्याचा एकमेव आधार असतो. सपाट रस्त्यावर तो आणि पुठ्ठा यांच्यात तळहाताच्या रुंदीएवढे अंतर असावे. हा पट्टा नसलेली गाडी उतारावर घोड्याच्या मागच्या पायांवर येते, म्हणून ब्रेक असो वा नसो, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. दुमची हा पट्टा शेपटीखालून जातो. तेथील कातडी नाजूक असल्याने ती रोज बघावी.

तोंडातली कडी पातळ, गंजलेली किंवा तारेने सांधलेली असेल तर ती त्याच दिवशी टाकून द्यावी. नाकावरच्या पट्ट्याखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटे शिरली पाहिजेत. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, केवळ नाकानेच घेतो. त्यामुळे नाकाजवळ आवळलेली कोणतीही गोष्ट ही थेट त्याच्या दमावर येते. मान उंच आणि रुबाबदार दिसावी म्हणून डोके वर ओढून बांधणारी दोरी तर माझ्या मते सरळ काढून टाकावी. चढावर जोर लावताना घोड्याला मान खाली घालून पुढे झुकावे लागते, आणि ही दोरी त्याला नेमके तेच करू देत नाही.

झापडांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. घोड्याला डोके न वळवता जवळजवळ ३५० अंशांतले दिसते; फक्त कपाळासमोरचा आणि थेट पाठीमागचा थोडासा भाग दिसत नाही. मागून येणारी मोटार त्याला सतत दिसत राहते, म्हणून झापडे लावतात. ती डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना लागता कामा नयेत, आणि झापडे लावलेल्या घोड्याजवळ जाताना आधी आवाज देऊन मगच हात लावावा.

दिवसाच्या शेवटी साज काढल्यावर घामाचा ठसा वाचण्याची सवय लावून घ्यावी. गादीखाली सगळीकडे सारखा ओलावा असेल तर ठीक. मधेच रुपयाएवढी कोरडी जागा दिसली, तर तेथे दाब इतका होता की घामाच्या ग्रंथी बंद पडल्या. त्याच जागी काही महिन्यांनी पांढरे केस उगवतात. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या खांद्यावर आणि पाठीवर असलेले पांढरे ठिपके हे बहुतेकदा जन्माचे नसून जुन्या साजाचे असतात, आणि घोडा विकत घेताना किंवा तपासताना ते मोजून लिहावेत.

ओझे, चाके आणि चढ

घोडा दिवसभर टिकून जो जोर लावू शकतो, तो त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतका धरतात. थोड्या वेळासाठी तो याच्या कितीतरी पट जोर लावतो, आणि गैरसमज येथूनच सुरू होतो. कारण ‘ओढली ना त्याने’ हा पुरावा मानला जातो.

एक उदाहरण मांडू. घोडा ३५० किलोचा आहे, म्हणजे त्याचा टिकाऊ जोर सुमारे ३५ किलोभार (३५ किलो वजन उचलून धरायला लागेल इतका). बग्गी ३०० किलोची, गाडीवानासह पाच माणसे प्रत्येकी ६५ किलोची, एकूण ६२५ किलो. चांगल्या डांबरी रस्त्यावर, चाके नीट फिरत असताना, एकूण वजनाच्या २ टक्के जोर पुरतो असे धरले तर तो साडेबारा किलोभार होतो. घोड्याला हे काम सोपे आहे. आता रस्ता शंभर मीटरमागे पाच मीटर चढू लागला. चढामुळे ६२५ च्या ५ टक्के, म्हणजे ३१ किलोभारांची भर पडते आणि एकूण जोर ४४ वर जातो. टिकाऊ मर्यादा ओलांडली गेली, आणि घोड्याला स्वतःचे ३५० किलोही वर चढवायचे आहेत, ते वेगळेच. गाडीतल्या माणसांना हा चढ जाणवतही नाही.

यावरून तीन गोष्टी कराव्या लागतात. नेहमीचा मार्ग एकदा पायी चालून प्रत्येक चढ आणि उतार वहीत लिहावा; पुलाचा चढ बहुतेक जण विसरतात. चढ असलेल्या मार्गावर प्रवासी कमी घ्यावेत किंवा त्यांना उतरून चालायला सांगावे. आणि चाकांकडे दर आठवड्याला लक्ष द्यावे, कारण हवा कमी असलेला टायर किंवा वंगण नसलेला बेअरिंग हा २ टक्क्यांचा आकडा सहज दुप्पट करतो. गाडी जागेवरून हलवताना लागणारा जोर चालत्या गाडीपेक्षा बराच जास्त असल्याने, सिग्नल जास्त असलेला छोटा मार्ग हा मोकळ्या लांब मार्गापेक्षा घोड्याला अधिक थकवतो. फेऱ्या किलोमीटरमध्ये मोजणारे मालक ही गोष्ट हिशेबात धरत नाहीत.

उन्हाचा हिशेब

केवळ तापमान पाहून काम चालू ठेवायचे की नाही ते ठरवू नये. घोडा मुख्यतः घामाने थंड होतो, आणि हवा दमट असली की घाम वाळत नाही. त्यासाठी एक जुनी, साधी पद्धत आहे: फॅरनहाइटमधील तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करावी. बेरीज १३० च्या आत असेल तर नेहमीचे काम चालते. १३० ते १५० मध्ये फेऱ्या कमी करून सावलीतील विश्रांती वाढवावी. १५० च्या वर घोड्याची स्वतःला थंड करण्याची ताकद अपुरी पडू लागते, आणि बग्गीसारखे ऐच्छिक काम तेथेच थांबवणे योग्य. २८ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे ८२ फॅरनहाइट. आर्द्रता ८५ असेल तर बेरीज १६७ होते. आभाळ भरून आलेला, माणसाला ‘बरा’ वाटणारा दिवस घोड्याला सर्वांत जड जातो, तो असा. ही बेरीज ऊन, वारा आणि तापलेले डांबर विचारात घेत नाही, त्यामुळे कोरड्या कडक उन्हात ती कमी आली म्हणून निर्धास्त राहू नये.

न्यूयॉर्कमध्ये ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअस, तापमानाला बग्ग्या थांबवण्याचा नियम आधीपासून होता. २०१९ मध्ये त्यात दमटपणा धरणारी भर पडली, आणि तापमान ८० असताना उष्णता निर्देशांक (दमटपणा धरून भासणारे तापमान) ९० झाला तरी काम बंद ठेवावे लागते. तेथे २४ तासांत नऊ तासांहून अधिक काम घेता येत नाही. नऊ तास हीसुद्धा माझ्या दृष्टीने वरची हद्द आहे. उभे राहण्याचा वेळ धरून सहा ते सात तासांवर थांबावे, आणि आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस घोडा साजाशिवाय ठेवावा.

घोड्याचा घाम त्याच्या रक्ताइतका, किंबहुना त्याहून खारट असतो. याचा एक विचित्र परिणाम असा की भरपूर घाम गेल्यावरही त्याला पुरेशी तहान लागत नाही, कारण पाण्याबरोबर मीठही गेलेले असते. म्हणून तबेल्यात मिठाचा खडा कायम असावा आणि रस्त्यावर पाणी दर फेरीनंतर समोर धरावे, तो मागेल याची वाट पाहू नये. गरम झालेल्या घोड्याला पाणी पाजू नये हा समज चुकीचा आहे. त्याला प्यायला द्यावे. साधारण हवेत बसून असलेल्या घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते, उन्हातील कामात ते दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होते. बादली स्वतःची न्यावी. अनेक घोडे तोंड लावत असलेल्या सार्वजनिक हौदातून सर्दी, गळूचे आजार सहज पसरतात.

घाम यायचा एकाएकी थांबला, कातडी कोरडी आणि गरम लागली, श्वास मिनिटाला ४० च्या वर जाऊन कमी होईना किंवा घोडा अडखळू लागला, तर गाडी तेथेच सोडून घोडा सावलीत न्यावा. मान, छाती, पाठ, पुठ्ठे, पाय अशा सर्वांगावर मिळेल ते थंड पाणी सतत ओतत राहावे. थंड पाण्याने स्नायू आखडतात ही भीती अशा वेळी बाळगू नये. ओले कापड अंगावर टाकून ठेवू नये, ते लगेच तापते आणि उष्णता आत धरून ठेवते. तापमान ४० अंशांवर असेल किंवा दहा-पंधरा मिनिटांत ठोके ६० च्या खाली येत नसतील, तर पशुवैद्याला बोलवावे आणि त्या दिवशी घोडा चालवत नेऊ नये.

थांब्यावर

बग्गीचा घोडा चालण्यापेक्षा उभा जास्त असतो. थांबा सावलीत, सपाट जागी आणि मोटारींच्या धुरापासून दूर असावा. अर्ध्या तासाहून जास्त थांबायचे असेल तर मान मोकळी करावी, नाकाचा पट्टा सैल करावा आणि पुढ्यात गवत टाकावे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत राहते, तर ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच तयार होते; त्यामुळे पाच-सहा तास रिकाम्या तोंडाने उभ्या राहिलेल्या घोड्याच्या पोटात व्रण पडू लागतात. चंदीचा तोबरा लावला तर तो संपताच काढावा, आणि तोबरा लावलेला असताना घोड्याला पाण्याजवळ नेऊ नये. तोबऱ्यात पाणी साचून नाक बुडाले तर त्याला श्वासाची दुसरी वाटच नसते.

गाडीवानाने घोडा जुंपलेला असताना लगाम सोडून चहाला जाऊ नये.

खूर आणि नाल

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. नाल झिजली नसली तरी खालचा खूर वाढून पायाचा कोन बिघडतो, म्हणून दर सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे. जुनी नाल चांगली असेल तर खूर कापून तीच पुन्हा ठोकता येते. गुळगुळीत झालेली लोखंडी नाल ओल्या डांबरावर आणि लोखंडी झाकणांवर घसरते. कठीण धातूच्या खिळ्यांची किंवा रबराची नाल पकड देते, पण पकड फार झाली की टाच एकदम अडते आणि सांध्यांवर ताण येतो, त्यामुळे हा निर्णय नालबंद आणि पशुवैद्य यांनी मिळून करावा. डांबरावर दुडकी टाळून चालच ठेवावी.

दररोज दोन वेळा खूर उकरून साफ करावेत. तळाच्या मऊ त्रिकोणी भागातून काळा स्राव आणि कुजका वास येत असेल तर तबेल्यातील ओल हे कारण असते. चारही खुरांवर हाताची पालथी बाजू ठेवून उष्णता ताडून पाहावी. एखादा खूर इतरांपेक्षा गरम असेल आणि खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणकत असेल, तर घोडा जुंपू नये. खिळा पायात घुसला असल्यास शक्य तर तो तसाच ठेवून पशुवैद्याला दाखवावा, कारण तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला हे खिळा काढल्यावर कळत नाही. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, म्हणून ती लस चुकवू नये.

तबेला आणि वैरण

मध्यम बांध्याच्या घोड्याला सुमारे ३.६ मीटर लांब आणि तितकीच रुंद जागा लागते, म्हणजे त्याला आडवे पडून पुन्हा उठता येते. घोडा उभ्याने डुलक्या घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ तरी आडवे व्हावेच लागते. जागा अपुरी, ओली किंवा गोंगाटाची असेल तर तो आठवडेच्या आठवडे आडवा होत नाही, आणि मग उभ्यानेच गाढ झोपेत जाऊन पुढच्या पायांवर कोसळतो. पुढच्या घोट्यांच्या समोरच्या बाजूला वारंवार फुटणाऱ्या, खपली धरणाऱ्या जखमा दिसल्या तर ठेच लागली असे समजण्यापूर्वी त्याच्या अंथरुणाकडे पाहावे. सकाळी कुशीवर किंवा शेपटीत पेंढा अडकलेला असेल तर रात्री तो झोपला होता.

तबेल्यात गुडघ्यांवर बसून श्वास घ्यावा. उभ्या माणसाला न जाणवणारा मुताचा झोंबरा वास तेथे डोळ्यांत पाणी आणत असेल, तर झोपलेला घोडा रात्रभर तोच श्वासात घेत असतो.

रोज वजनाच्या किमान दीड टक्का कोरडी वैरण द्यावी. ३५० किलोच्या घोड्याला ती सव्वापाच किलो होते. चंदी एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावी, आणि सुट्टीच्या दिवशी ती कमी करावी. कामाच्या दिवसाचीच चंदी खाऊन नुसत्या उभ्या राहिलेल्या घोड्याचे स्नायू दुसऱ्या दिवशी जुंपल्यावर आखडतात. वैरण बदलायची असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावी.

पोटशूळ आणि रस्त्यावर पडणे

घोडा कुशीकडे वळून पाहत असेल, जमीन उकरत असेल, वारंवार लोळत असेल किंवा लीद बंद झाली असेल, तर चारा लगेच काढून घेऊन पशुवैद्याला बोलवावे आणि ठोके किती आहेत ते फोनवरच सांगावे. ६० च्या पुढचे ठोके गंभीर मानतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बाहेर येण्याचा मार्ग नाही. बाटलीने तेल किंवा काढा पाजण्याची घाई करू नये. तो फुप्फुसात गेला की पोटाच्या दुखण्यापेक्षा मोठे संकट ओढवते.

रस्त्यावर घोडा पडला तर पहिल्यांदा वाहतूक अडवावी. एकाने त्याच्या पाठीच्या बाजूने जाऊन मानेजवळ बसावे, गालाखाली कापड सरकवून डोके जमिनीवर हलकेच दाबून ठेवावे. घोड्याला डोके उचलल्याशिवाय उठता येत नाही. पायांच्या बाजूला कोणी उभे राहू नये. जोताचे (घोड्याला गाडीशी जोडणारे) पट्टे सोडावेत, सुटत नसतील तर कापावेत, म्हणून गाडीत धारदार चाकू असलाच पाहिजे. नंतर गाडी मागे ओढावी. घोड्याला गाडीपासून पुढे खेचू नये. पुढच्या खुरांखाली वाळू, गोणपाट किंवा जाड चटई टाकून मगच डोके मोकळे करावे. उठलेला घोडा पूर्ण तपासून होईपर्यंत पुन्हा जुंपू नये, मग गर्दी कितीही समजावत असो.

बग्गीत बसण्यापूर्वी

बाहेरच्या माणसाने घोड्याच्या डाव्या बाजूने, गाडीवानाला विचारून, पाच गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ कळते: बरगड्या, साजाखालच्या जखमा, चारही पाय टेकतो का, जवळ पाण्याची बादली आहे का, आणि गाडीवान ‘आज किती फेऱ्या झाल्या’ याला सरळ उत्तर देतो का. उत्तर वहीतून आले तर उत्तमच. काही चुकीचे दिसल्यास घोड्याचे छायाचित्र, जागा, वेळ आणि त्या वेळचे तापमान नोंदवून स्थानिक पशुसंवर्धन खात्याकडे किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे द्यावे. नुसती ‘घोडा फार वाईट अवस्थेत होता’ अशी तक्रार कोणाच्याच उपयोगी पडत नाही. गाडीवानाशी भांडण काढू नये. बहुतेक ठिकाणी तो रोजंदारीवरचा माणूस असतो आणि घोडा दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

गाडीखालून कायमचे सोडताना

विशीपर्यंत पोचलेला घोडा अजूनही गाडी ओढू शकतो, तरी वहीतील आकडे त्याचा उतरता काळ आधीच दाखवू लागतात: फेरीनंतर ठोके खाली यायला लागणारा वेळ वाढतो, चंदी तीच असून पाठीवरचे मांस ओसरते, नालबंदाला पाय उचलून धरणे त्याला जड जाते. यांपैकी दोन गोष्टी महिनाभर टिकल्या तर आधी चढाचे मार्ग बंद करावेत, मग दिवसाआड काम द्यावे आणि त्यानंतर साज कायमचा उतरवावा. निवृत्तीचा खर्च घोडा कमावत असतानाच बाजूला काढावा लागतो. प्रत्येक कामाच्या दिवशी एका फेरीची कमाई वेगळ्या डब्यात टाकणे ही मला माहीत असलेली सर्वांत सोपी रीत आहे. घोडा दुसऱ्याकडे द्यायचा झाला तर त्याची वही सोबत द्यावी, आणि घेणाऱ्याकडून तो पुन्हा गाडीला जुंपला जाणार नाही असे लिहून घ्यावे. चरायला जागा, सोबतीला दुसरा घोडा आणि पाय बघणारा नालबंद, या तिन्ही गोष्टी तेथे आहेत का, हे स्वतः जाऊन पाहावे. पहिल्या महिन्यानंतर, न कळवता, पुन्हा एकदा जावे.